बायकोच्या व्हिसावर

माझे बाबा ज्या माणसाला सगळ्यात कमी लेखत तो आमच्या समोरच्या दाराआड राहायचा आणि त्याचं नाव बेबी होतं. केरळचा, सहा फुटांच्या आसपास, जाड मिशा, आणि नाव बेबी. बाबांना हसायला तेवढं पुरेसं होतं, पण त्यावर आणखी एक गोष्ट होती. बेबीअंकल बायकोच्या व्हिसावर राहत. आनीआंटी दवाखान्यात नर्स होत्या आणि अंकल घरी असत. ते मुलांना शाळेच्या बसपर्यंत पोचवत, मासळी आणत, नारळ खवत, आणि आंटींची ड्यूटी संपायच्या वेळी भात चुलीवरून उतरलेला असे. बाबा ऑफिसातून आले की बूट काढता काढता विचारत, "काय म्हणतात आज मिसेस बेबी?" आणि आम्ही भावंडं हसायचो. मीही हसायचे, हे आधीच सांगून टाकते, कारण या प्रकरणात मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

आमचं घर अजमानला होतं, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि हॉल. बाबांचं ऑफिस दुबईत होतं, पण दुबईत घर परवडत नाही असं आमच्यातलं कोणी म्हणत नसे. अजमानला समुद्र जवळ आहे, शांतता आहे, असं म्हणत. शांतता म्हणजे खिडकीतल्या एसीची घरघर, त्याच्या पाण्याची खालच्या पत्र्यावर पडणारी टपटप, आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवर पाया खणणाऱ्या यंत्राचे दिवसभर चालणारे ठोके. त्या ठोक्यांच्या तालावर मी अकरावीच्या इकॉनॉमिक्सच्या व्याख्या पाठ केल्या. शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी सकाळी थालीपीठ. त्याची भाजणी दर उन्हाळ्यात पुण्याहून मावशी दळून द्यायची आणि ती बाबांच्या शर्टांमध्ये गुंडाळून विमानाने यायची, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत बाबांच्या शर्टांना धण्याचा वास असे. एरवी पोळ्या लाटायचा कंटाळा आला की आई खालच्या बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे अरबी रोटी, मागवायची आणि आम्ही तो पिठल्याशी खायचो. त्या देशात मिसळून जाण्यासाठी आमच्या घराने केलेला प्रयत्न म्हणजे तेवढाच, खुबूस आणि पिठलं.

बाबा तिथे एकोणीस वर्षं होते. एकोणीस वर्षांत ते एकाही अरबाच्या घरी गेले नव्हते आणि एकही अरब आमच्याकडे चहाला आला नव्हता. त्यांचं अरबी यल्ला, खलास आणि इन्शाल्ला इथे संपायचं, आणि त्यातला इन्शाल्ला ते आईने काही मागितलं की वापरत. याचा सगळा दोष मी त्यांना देत नाही. त्या देशाने कोणालाही आमच्यात मिसळा असं कधी म्हटलंच नव्हतं. काम आहे तोवर राहा, काम संपलं की जा, एवढाच करार होता, आणि तो पासपोर्टाच्या एका पानावर चिकटवलेला असे. माझा जन्म तिथला, जन्मदाखला अरबीत, तरी माझ्या पानावर लिहिलेलं होतं की ही मुलगी अमक्या माणसाच्या नोकरीमुळे इथे आहे. आईच्या पानावरही तेच. आम्हा सगळ्यांचं तिथलं असणं बाबांच्या नोकरीला टाचणीने लावलेलं होतं, आणि बाबांना यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांना वाटे, घर असंच असतं.

आमचं मराठी मंडळ तर याहून पुढे होतं. तिथे सभासदत्व दोन प्रकारचं असे, फॅमिली आणि बॅचलर. बॅचलर म्हणजे लग्न न झालेला, असं कोणाला वाटेल. तिथे गुहागरला बायको, तीन मुलं आणि म्हातारे आईवडील असलेला पन्नाशीचा सुतारसुद्धा बॅचलर होता, कारण त्याचा पगार कुटुंब आणण्याइतका नव्हता आणि सरकार पगार बघून माणसाला कुटुंबवत्सल ठरवत असे. गणपतीच्या दिवसांत ही बॅचलर मंडळी कामगारांच्या कॅम्पातून बस करून येत, स्टेज बांधत, खुर्च्या लावत, आणि जेवणाच्या वेळी त्यांची रांग वेगळी लागे. "बायकामुलं असतात ना, बरं दिसत नाही," असं अध्यक्ष म्हणत. बाबा कमिटीवर होते. नव्याने येणाऱ्या लोकांना वागायची रीत नाही, यांच्यामुळे आपली इमेज जाते, हा त्यांचा आवडता विषय होता. मी परवाच आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका गृहस्थांचा मेसेज वाचला, भाड्याने फ्लॅट देताना बॅचलर आणि बाहेरच्या राज्यातले लोक टाळावेत. खाली अठरा अंगठे होते. मला बाबांची फार आठवण झाली.

आई शाळेत गणित शिकवत असे. बाबा त्याला "तुझा टाइमपास" म्हणत. ती त्यांच्या व्हिसावर होती, आणि तिथल्या शाळांना अशा बायका फार आवडत. नवऱ्याच्या व्हिसावरच्या शिक्षिकेला शाळेने ना घर द्यायचं, ना वर्षाचं विमानाचं तिकीट, आणि पगारही हातखर्चाएवढा दिला तरी ती तक्रार करत नाही, कारण घर चालवणारा दुसरा आहे असं सगळ्यांनी धरून चाललेलं. आईकडे दहावीचे तीन वर्ग होते. तिच्या साडीच्या निऱ्यांना नेहमी खडू लागलेला असे आणि लाल पेन पर्समध्ये, ओट्यावर, देवघरातसुद्धा सापडे.

मग एके दिवशी समोरचे ठोके थांबले. आधी वाटलं सुट्टी असेल. आठवडा झाला, दोन झाले, यंत्र तिथेच उभं आणि त्याच्या सावलीत मांजरं झोपलेली. बाबा क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे इमारतीला सिमेंट किती, लोखंड किती, याचा हिशोब करणारे. इमारतीच थांबल्यावर मोजायचं काय? तरी ते म्हणत होते की आमच्या कंपनीला काही होणार नाही, हे सगळं छोट्या कंपन्यांचं आहे. ज्या दिवशी त्यांना पत्र मिळालं त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर घरी आले, बूट काढले आणि बेबीअंकलबद्दल काही विचारलं नाही. त्यावरून आईला कळलं.

जेवताना त्यांनी सांगितलं. कंपनी व्हिसा रद्द करणार, त्यानंतर देश सोडायला महिन्याची मुदत. "पुण्याला दादाकडे जाऊ. वर्षभरात सगळं पूर्ववत होईल, मग परत येऊ. हे टेम्पररी आहे."

"माझी बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आहे," मी म्हणाले.

"पुढच्या वर्षी दे."

माझा धाकटा भाऊ ओंकार तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "आय डोन्ट इव्हन लाइक पुणे."

"तुला विचारलंय कोणी?" बाबा म्हणाले. आईने त्यांना भात वाढला आणि विचारलं, "माझ्या दहावीच्या मुलींचं काय?" बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने बाल्कनीतल्या कुंडीचं काय म्हणून विचारलंय.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर आईने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर," आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. अंकल हातात अर्धा नारळ घेऊन आले. आम्ही चार पावलांवर राहत असून मी त्या घरात पहिल्यांदाच जात होते. आतून कढीपत्त्याच्या फोडणीचा वास येत होता आणि भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली मुलांची वेळापत्रकं लावलेली होती. आईने काही आडवळण घेतलं नाही. "भाईसाब, मेरे हस्बंड की नौकरी गई है. मुझे उनको और बच्चों को मेरे वीज़ा पर लेना है. कैसे करते हैं?"

अंकलनी हात धुतले आणि एक निळी फाइल आणली. तिच्यात प्लास्टिकच्या कप्प्यांत एकेक कागद. "मेरे को चार बार करना पड़ा," ते म्हणाले. "सब इधर है." मग त्यांनी समजावलं. बाईला नवऱ्याची जबाबदारी घ्यायची तर तिची नोकरी ठरावीक प्रकारची हवी, शिक्षिका चालते, दवाखान्यातली चालते, आणि पगार ठरावीक रकमेच्या वर हवा. पण आई अजून बाबांच्याच व्हिसावर, तेव्हा आधी शाळेने तिला स्वतःचा व्हिसा दिला पाहिजे. मग लग्नाचा दाखला, डिग्री, सगळ्यावर सरकारी शिक्के. आईने प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेतली. निघताना तिने आभार मानले आणि थोडी थांबली. अंकलना बहुधा तिच्या मनातलं कळलं.

"मिस्टर को बोलना, पहला महीना मुश्किल है," ते म्हणाले. "लोग पूछते हैं. बाद में लोग थक जाते हैं." आणि नारळ परत हातात घेत, अगदी साध्या आवाजात, "मिसेस बेबी मेरे को मालूम है, मॅडम. दरवाज़ा पतला है."

आईचा चेहरा उतरला. मी जमिनीकडे पाहत राहिले. अंकलनी मला खवलेलं ओलं खोबरं एका वाटीत दिलं आणि दार लावून घेतलं. त्यांच्या जागी मी असते तर वाटी दिली नसती.

बाबांनी ऐकलं आणि पहिल्यांदा हसले. मग आई थट्टा करत नाही हे लक्षात आल्यावर चिडले. "एकोणीस वर्षं या देशात मान खाली घातली नाही. आता त्या बेबीच्या लायनीत जाऊन बसू? मंडळात काय सांगू, बायकोने ठेवलंय?"

"मंडळात काही सांगायची गरज नाही," आई म्हणाली. "त्यांच्या घरी भात वेळेवर शिजतो, मुलं शाळेत जातात. आपल्याला तेवढंच हवंय."

"मी नाही सही करणार कशावर."

"बरं," आई म्हणाली, आणि पेपर तपासायला बसली. आईचं "बरं" हे होकारासारखं ऐकू येई आणि त्याचा अर्थ होकार नसे, हे बाबांना लग्नाला अठरा वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं.

मी त्याच शाळेत होते, म्हणून प्राचार्यांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून मला सगळं ऐकू आलं. प्राचार्य आधी पॉलिसीबद्दल बोलले. स्टाफ व्हिसाचा कोटा नाही, मॅनेजमेंटला विचारावं लागेल, आणि मॅडम, तुम्ही तर जाणून आहात, काळ कठीण आहे. आई म्हणाली, "सर, माझी मुदत बोर्डाच्या आधी संपते. दहावीचे तीन वर्ग आहेत. तुम्ही मला मार्चपर्यंत कोणीतरी शोधून द्या, मी आजच चार्ज देते." मग प्राचार्यांनी चहा मागवला. ज्या बाईला त्यांनी सात वर्षं स्वस्तात वापरली तिच्याशिवाय त्यांचा निकाल लागणार नव्हता, हे त्यांना चहा येईपर्यंत उमगलं असावं. व्हिसा मिळाला, आणि पगारही नियमात बसेल इतका वाढला. तो आधी का वाढला नव्हता, हे कोणी विचारलं नाही.

मुदतीचे दहा दिवस उरले तेव्हा बाबांनी सही केली. दादाकाकांचा पुण्याहून फोन आला होता की वरच्या खोलीत भाडेकरू आहेत, तुम्ही आलात तर काही महिने हॉलमध्ये अॅडजस्ट करावं लागेल. बाबांच्या अभिमानाला बायकोच्या व्हिसापेक्षा भावाचा हॉल जास्त टोचला, असं माझं मत आहे.

इमिग्रेशनच्या ऑफिसात बायकांचा विभाग वेगळा. आम्ही तिघं गेलो. आई आणि मी आत, बाबा बाहेरच्या पुरुषांच्या खुर्च्यांवर. तिथे फिलिपिनो, इजिप्शियन, आपल्याकडचे असे अनेक नवरे मांडीवर फाइल घेऊन बसलेले, एकमेकांकडे न बघता. आत काउंटरवर एक तरुण अरब मुलगी होती, काळा पायघोळ अबाया, नखांना मेंदी, माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. तिने कागद उलटसुलट केले आणि इंग्रजीत विचारलं, "हस्बंड काम का करत नाही?" आई म्हणाली, कंपनी बंद पडली. "तो शोधतोय?" हो. "तुमच्याशी नीट वागतो?" आईला या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो." ते थांबणं मी अजून विसरलेले नाही. त्या मुलीनेही ते पाहिलं. तिने बाबांना आत बोलावलं.

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, टाय. ते ऑफिसला निघाल्यासारखे तयार होऊन आले होते.

"तुझी बायको तुझी स्पॉन्सर होणार. तुला ऑब्जेक्शन आहे?"

"नो," बाबा पुटपुटले.

"नो ऑब्जेक्शन, की नो?"

मागच्या रांगेतली एक बाई हसली. बाबा स्पष्ट म्हणाले, "नो ऑब्जेक्शन." शिक्का बसला. मुलगी अभिनंदन करत आईला म्हणाली, "मबरूक, मॅडम," आणि तिने पुढच्या नंबराचं बटण दाबलं. एकोणीस वर्षांत त्या देशातल्या माणसाशी आमच्या घराचं झालेलं हे सगळ्यात मोठं संभाषण. पासपोर्ट आला तेव्हा बाबांनी तो बाल्कनीत नेऊन वाचला. स्पॉन्सरच्या जागी आईचं पूर्ण नाव होतं, आणि आपल्या रीतीप्रमाणे त्या नावाच्या मधोमध बाबांचं नाव. खाली लिहिलं होतं, काम करण्यास परवानगी नाही.

पुढचं दीड वर्ष बाबा घरी होते. बेबीअंकल म्हणाले होते तसं लोकांनी विचारलं. मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी माइकवरूनच विनोद केला, "श्रीकांतराव सध्या होम मिनिस्ट्रीत आहेत," आणि सगळे फॅमिली सभासद हसले. त्यातल्या निम्म्यांच्या स्वतःच्या नोकऱ्या त्या वेळी अधांतरी होत्या. बाबांनी कमिटी सोडली. मला त्यांचं वाईट वाटलं नाही. सोळा-सतरा वर्षं मी हेच हसणं त्यांच्याकडून ऐकत आले होते, ते फक्त आता त्यांच्या दिशेने आलं होतं. आज इतकी निर्दय नसते झाले, असं लिहायचा मोह होतो, पण खात्री नाही.

त्यांनी आधी चहा शिकला, मग कुकर लावणं, मग ओंकारच्या बसची वेळ. त्यांच्या आमटीत गूळ इतका पडे की ओंकार तिला "डिझर्ट डाळ" म्हणायचा. बेबीअंकलबरोबर ते मासळीबाजारात जाऊ लागले, आणि सुरमई ताजी कशी ओळखायची हे आम्हाला समजावून सांगू लागले, जणू त्यांचाच शोध. पण मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. "माणूस चांगला आहे, पण अॅम्बिशन नाही," असं ते घरात म्हणत. हळू आवाजात म्हणत, एवढा फरक पडला होता. माझी परीक्षा झाली, मी तिथेच एका भारतीय कॉलेजच्या शाखेत जाऊ लागले, आणि घराला हळूहळू या व्यवस्थेची सवय झाली.

मग बाबांना नोकरी मिळाली. छोटी कंपनी, खोर फक्कानला गोदामं बांधायचं काम. पगार आधीपेक्षा कमी, पण पदाचं नाव मोठं. कंपनीला एकच कागद हवा होता. बाबा बायकोच्या व्हिसावर, म्हणून बायकोचं पत्र, की माझ्या नवऱ्याने नोकरी करण्यास माझी हरकत नाही.

त्या शुक्रवारी सकाळी थालीपिठं झाली होती आणि तवा अजून गरम होता. बाबांनी पत्र स्वतःच टाइप करून आणलं होतं. आईने वाचलं, लाल पेन घेतलं आणि दोन ठिकाणी इंग्रजी दुरुस्त केलं. मग पेन खाली ठेवलं.

"सही कर ना," बाबा म्हणाले.

"करते. त्याआधी एक." तिने पर्समधून दुसरा कागद काढला. त्यावर बाबांच्या नावाने लिहिलं होतं की माझ्या मुलांचा व्हिसा त्यांच्या आईकडे राहण्यास माझी हरकत नाही. नियम असा होता की बापाला नोकरी लागली की मुलं बापाकडे, आईकडे ठेवायची तर बापाने लिहून द्यायचं.

बाबांनी कागद दोनदा वाचला. "याची काय गरज? आता माझा व्हिसा होतोय. महिन्याभरात तुम्हा सगळ्यांना माझ्यावर घेतो. पहिल्यासारखं."

"पहिल्यासारखं नको," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ही कंपनी उद्या बंद पडली तर मनूला कॉलेज सोडावं लागू नये. ओंकारला शाळा. माझं मला आहे, शाळेचं. मुलं माझ्याकडे राहू देत."

"नलू, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

आईने गॅसवरचा तवा उतरवला, हात पुसले आणि मग माझ्याकडे पाहत, पण बाबांना ऐकू जाईल असं, एक गोष्ट सांगितली जी मी तोवर ऐकलेली नव्हती. ती लग्न होऊन तिथे आली तेव्हा तिला पहिल्याच वर्षी एका शाळेत नोकरी मिळाली होती. तिलाही तेव्हा हेच पत्र लागणार होतं, नवऱ्याचं, की माझी हरकत नाही. बाबा आज देतो, उद्या देतो म्हणाले. कंपनीचा शिक्का लागतो म्हणाले. इन्शाल्ला म्हणाले. शाळेने दुसरी बाई घेतली. पुढे मी झाले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी, शाळेच्या फीला हातभार लागेल असं दिसलं तेव्हा, बाबांनी ते पत्र दहा मिनिटांत लिहून दिलं.

"मी काही रागावून सांगत नाहीये," आई म्हणाली. "पत्र कसं अडतं ते मला माहीत आहे, एवढंच. तुमचं मी अडवणार नाही. पण माझं आधी."

बाबा खिडकीपाशी गेले. समोरच्या प्लॉटवर पुन्हा माणसं दिसू लागली होती, हेल्मेट घातलेली, कोणी नवी खेप. ओंकार टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "जस्ट साइन इट, बाबा." त्यांनी सही केली. मग आईने केली. दोन्ही पत्रं तिने एकाच प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि म्हणाली की व्हिसाचे अर्ज टाइप करून देणारं टायपिंग सेंटर सकाळी लवकर उघडतं, पहिला नंबर लागला तर मला पहिल्या तासाला पोचता येईल.

माझं मत विचाराल तर त्या सगळ्या कायद्यांमध्ये मला आजही आदर वाटावा असं काही सापडत नाही. माणसाला तो कोणाच्या नावावर उभा आहे यावरून ओळखायचं, बाईला नवऱ्याच्या आणि नवऱ्याला बाईच्या कागदावर टांगायचं, आणि वीस वर्षं राबलेल्याला एका महिन्यात निघ म्हणायचं, याला धोरण म्हणतात. आमच्या लोकांनी ते तक्रार न करता मान्य केलं, कारण घराघरात तेच धोरण आधीपासून चालू होतं. फक्त शिक्का नव्हता.

खोर फक्कानची कंपनी आठ महिन्यांत बंद पडली. बाबांचा व्हिसा रद्द झाला, महिन्याची मुदत सुरू झाली, आणि आमच्या घरात कोणी बॅगा काढल्या नाहीत. मी कॉलेजला गेले, ओंकार बसने गेला, आई खडूने माखलेल्या हातांनी परत आली. संध्याकाळी बाबा टेबलाशी बसले होते, चष्मा नाकावर, समोर इमिग्रेशनचा फॉर्म. या वेळी तो त्यांनी स्वतः आणला होता आणि स्वतः भरत होते. त्यांचं अक्षर नेहमीच सुरेख. स्पॉन्सरच्या रकान्यात त्यांनी आईचं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात हस्बंड, मग फॉर्म उलटा करून तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "बघ गं, इंग्रजी बरोबर आहे का?"